काय दुरुस्त करायचं नाही?

दर रविवारी सकाळी सात वाजता प्रेमानंदच्या प्लॉटवर सहा जुन्या गाड्या एकामागून एक खोकायला लागायच्या आणि आजूबाजूच्या फ्लॅट स्कीममधले लोक गॅलरीत येऊन कपाळाला आठ्या घालायचे. प्रेमानंद खालून त्यांना हात हलवून दाखवायचा. नागपूरच्या कडेला बेसाला त्यानं प्लॉट घेतला तेव्हा तिथे तुरीची शेतं होती. स्कीमा मागून आल्या. त्यामुळे आवाजाची तक्रार करायचीच असेल तर ती तुरीनं करावी, असं त्याचं म्हणणं.

मी रविवारी तिथे असायचोच. आम्ही दोघं रेल्वेच्या वर्कशॉपात एकाच आठवड्यात लागलो. तो फिटर आणि मी हजेरी कारकून. त्याचे वडील छप्पन साली दीक्षा घेतलेले गिरणीकामगार, माझं घराणं महाल भागातलं, भोसल्यांच्या दफ्तरात आमचे पूर्वज लेखणी चालवत होते हे चारचौघांत सांगणारं. तीस वर्षं आम्ही एका बाकावर बसून एकमेकांचे डबे संपवले. ही गोष्ट मी माझ्या घरी बरीच वर्षं सांगितली नव्हती. नको तिथे गप्प बसायची सवय मला तेव्हापासूनची आहे.

त्या सहा गाड्यांतल्या दोनच त्याच्या स्वतःच्या, एक निळी फियाट आणि एक अम्बॅसेडर. बाकी चार लोकांच्या. मुलं पुण्याला, बंगलोरला, अमेरिकेला गेलेली, मागे एखादा म्हातारा नाहीतर म्हातारी, आणि दारात एक गाडी, जी विकवतही नाही आणि चालवताही येत नाही. अशी गाडी कुणाच्या तरी ओळखीनं प्रेमानंदकडे यायची. तो इंजिन उघडायचा, ब्रेक सुधारायचा, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी बदलायचा आणि मग दर रविवारी दहा मिनिटं गाडी चालू ठेवून अर्धं चाक पुढे, अर्धं चाक मागे करायचा, म्हणजे टायर एकाच जागी दबून चपटं होत नाही. मालक महिन्यातून एकदा येऊन मानेवाडा चौकापर्यंत चक्कर मारून जायचे. वाडीचे ट्रान्सपोर्टवाले भैयाजी तर कुठे जायचेच नाहीत. आपल्या गाडीच्या मागच्या सीटवर बसून पेपर वाचायचे आणि घरी जायचे. मजुरी प्रेमानंद घेत नसे. पेन्शन कोणासाठी आहे मग, असं विचारायचा.

त्याचा एक रिवाज होता. कुठल्याही गाडीचा पहिला नट ढिला करायच्या आधी तो मालकाला आत बसवायचा, एक चक्कर मारून आणायचा आणि हातात खडू घेऊन विचारायचा, "आता सांगा, काय दुरुस्त नाही करायचं?"

लोक गोंधळायचे. मग हळूहळू बोट दाखवायचे. एका डॉक्टरीणबाईंनी डॅशबोर्डवर कर्कटकानं कोरलेलं मुलीचं नाव दाखवलं. भैयाजींनी मागच्या सीटवरचा विडीचा डाग दाखवला, तो त्यांच्या वडिलांच्या विडीचा होता. एका निवृत्त मास्तरांनी न वाजणारा हॉर्न दाखवला. बायकोला हॉर्नची चीड होती म्हणून त्यांनीच त्याची तार तोडली होती आणि आता बायको नव्हती. प्रेमानंद त्या त्या जागी पांढऱ्या खडूनं गोल काढायचा आणि त्या गोलाच्या आत त्याचा पाना कधी जात नसे.

मी त्याची टर उडवायचो. "अबे, डॉक्टर पेशंटले विचारते का, कोणता रोग ठेवू म्हणून?"

तो हसत नसे. "गाडी ठीक करणं सोपं हाय, वसंतभाऊ. ठीक करता करता त्याच्यातून माणूस पुसल्या जाते. मंग ती कोणाचीच राहत नाही."

मला हे सगळं रिकामपणचं तत्त्वज्ञान वाटायचं. मी हजेरी कारकून. माणूस हजर असतो किंवा गैरहजर असतो, तिसरा रकाना माझ्या मस्टरवर नव्हता.

माझी थोरली बहीण यमुताई लक्ष्मीनगरला राहायची. तिचे यजमान मनोहरराव अठरा साली गेले. त्यांची चौऱ्याऐंशी सालची क्रीम रंगाची फियाट होती. नवीकोरी घेतली होती आणि दुसऱ्या कुणाच्या हाती कधी दिली नव्हती. तीस-बत्तीस वर्षं दर रविवारी संध्याकाळी दोघं त्या गाडीतून फुटाळा तलावावर जायचे, काठाला गाडी लावायचे, पाऊण तास बसायचे आणि परत यायचे. गाडीतून खालीसुद्धा उतरायचे नाहीत. मी एकदा ताईला विचारलं, तर म्हणाली, "उतरून काय करायचं? बसल्या जागी दिसतं की सगळं." मनोहरराव गेल्यावर गाडी गॅरेजात गेली ती गेलीच.

बावीस सालच्या एप्रिलात ताईचं घर बिल्डरला द्यायचं ठरलं. जूनच्या पहिल्या आठवड्यात तिचा मुलगा विहंग तिला कायमची पुण्याला नेणार होता. गाडीच्या कागदांची मुदतही जूनमध्येच संपत होती. ताईनं मला बोलावलं आणि म्हणाली, "वसंता, तुझा तो गाड्यांचा मित्र आहे ना, त्याच्याकडून गाडी तेवढी चालू करून दे. मला एकदा फुटाळ्यावर जाऊन यायचंय. मग विहंगला काय करायचं ते करू दे."

एवढंच. चालू करून दे, असं ती म्हणाली होती. नवी करून दे, असं म्हणाली नव्हती. तिचं हे वाक्य मला आज शब्दशः पाठ आहे, तेव्हा मी ते नीट ऐकूनही घेतलं नव्हतं. माझ्या डोक्यात निराळंच शिजत होतं. मॅट्रिकला दोनदा आपटलो तेव्हा ताईनं मला शिकवून वर काढलं. नोकरीचा अर्ज तिनं भरला, बायकोसुद्धा तिनंच बघून दिली. आता ती नागपूर सोडून चालली होती, आणि जाता जाता आपणही तिच्यासाठी काहीतरी असं करावं की तिनं तोंडात बोट घालावं, ही खुमखुमी मला चढली. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग.

गाडी ओढून बेसाला आणली. प्रेमानंदनं तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि खिशातून खडू काढला. "ताई कवा येऊन राहिल्या?"

"ताई नाही येत. तिले सांगायचंच नाही. एकदम दाखवायची."

"मंग विचारू कोणाले?"

"मले विचार. काही ठेवायचं नाही. सगळं नवं कर."

"असं नाही जमत, वसंतभाऊ. गाडीत त्या बसल्या होत्या, तू नाही."

"माही बहीण हाय ना बे! मले माहीत नाही का?" मी आवाज चढवला. मला राग लवकर येतो, हे त्याला ठाऊक होतं. त्यानं खडू परत खिशात ठेवला.

महिनाभर त्यानं जीव ओतून काम केलं. इंजिन असं झालं की चालू आहे की बंद हे हात लावून बघावं लागे. डेंटिंग-पेंटिंग झालं. स्टिअरिंगवर मनोहररावांनी सुतळीसारखा जाड दोरा गुंडाळलेला होता, तो मी काढायला लावला, दिसायला गचाळ म्हणून. मग सीटा. नव्या सीटा घेऊन माणूस दुपारी यायचा होता आणि सकाळी प्रेमानंदनं मला हाक मारली. डावीकडची पुढची सीट त्यानं उचलून ठेवली होती. तिच्याखाली चार बोटं जाडीची सागाची फळी होती. कडा घासून गोल केलेल्या, कुरकुरू नये म्हणून खालून बनातीचं कापड चिकटवलेलं, स्क्रू पितळेचे.

"हे जुगाड नोहे," तो म्हणाला. "ज्यानं बसवलं, त्यानं मन लावून बसवलं. ताईले विचार."

"फळीचं काय विचारायचं?"

"तरी विचार."

मी वैतागलो. ताईला विचारलं असतं तर सगळं बिंग फुटलं असतं, माझी महिन्याभराची मजा गेली असती. मी फाटकापाशी गेलो, मोबाइल कानाला लावला, ओठ हलवले आणि परत येऊन म्हणालो, "विचारलं. काढ म्हणते."

प्रेमानंद माझ्याकडे बघत राहिला. मग वाकला आणि स्क्रू काढायला लागला. अडतीस वर्षांचे स्क्रू, पण एकही अडला नाही. मनोहररावांनी बसवताना त्यांना ग्रीस लावलं असावं. पुन्हा वाद नको म्हणून मी ती फळी आणि जुन्या सीटा त्याच दिवशी कबाडीच्या ठेल्यावर चढवून दिल्या.

मे महिन्याच्या शेवटून दुसऱ्या रविवारी संध्याकाळी आम्ही गाडी लक्ष्मीनगरला नेली. ताई बाहेर आली आणि "अगंबाई!" म्हणून खरंच तोंडावर हात ठेवला. मला धन्य वाटलं. प्रेमानंद चालवायला बसला, ताई त्याच्या शेजारी, मी मागे. ताई बसली ती खालीच गेली. ती जेमतेम पावणेपाच फूट. मागून मला तिचा अंबाडासुद्धा दिसेना.

शंकरनगरपर्यंत ती सारखी चुळबुळत होती. दोनदा तिनं दाराची मूठ धरून अंग वर उचललं आणि परत खाली बसली. मग म्हणाली, "वसंता, मला रस्ता दिसत नाहीये."

"नवी सीट आहे ताई, फोम नरम आहे," मी म्हणालो.

तिनं सीटखाली हात घालून चाचपलं. "इथे फळी होती."

प्रेमानंदनं गाडीचा वेग कमी केला.

"ह्यांनी बसवली होती. गाडी आली त्याच महिन्यात. मला समोरचं काही दिसत नव्हतं म्हणून. दोन रविवार घासत बसले होते." तिनं काचेकडे बघितलं. तिथून तिला झाडांचे शेंडे आणि विजेच्या तारा दिसत असणार, बाकी काही नाही. "कुठे आहे ती?"

प्रेमानंदनं गाडी कडेला घेतली आणि आरशातून माझ्याकडे बघितलं. सांगायचं असतं तर तेव्हाच सांगायचं होतं. ताई, मी काढली, तुला विचारल्याचं खोटं सांगून काढली. आठ शब्दांचं काम. रस्त्याच्या कडेला उसाच्या रसाचं दुकान होतं, मी त्या चरकाकडे बघत मूग गिळून बसलो.

प्रेमानंद ताईकडे वळला. "ताई, चुकी माही झाली. मी काढली."

ताई त्याच्यावर चिडली नाही. चिडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती म्हणाली, "गाडी छान केलीत हो तुम्ही. पण ही त्यांची नाही राहिली. मला घरी सोडा." फुटाळा तिथून दहा मिनिटांवर होता. मी म्हटलं, दुकानातून एखादी उशी घेतो, तिच्यावर बस. तिनं मान हलवली. आम्ही तिथूनच परत फिरलो.

पुढचे आठ दिवस प्रेमानंदनं ती फळी शोधण्यात घालवले. कबाडीकडून मोठ्या भंगारवाल्याकडे, तिथून वाडीच्या गोदामांकडे. मी त्याच्या स्कूटरवर मागे बसून हिंडत होतो आणि ढिगाऱ्यांतून हात घालून शोधतही होतो, त्याच्याइतकाच घाम गाळत. त्यानं मला एका शब्दानं विचारलं नाही की तू ती दिलीस कशाला. फळी मिळाली नाही. मग त्यानं सागाचा तुकडा आणून तसलीच नवी फळी घडवली, कडा गोल केल्या, पितळेचे स्क्रू शोधून आणले आणि ऐन नवतपात, उन्हाळ्यातल्या सगळ्यात कडक नऊ दिवसांत, भर दुपारी एकटा लक्ष्मीनगरला गेला. मला हे त्याच्या बायकोनं, इंदूबाईनं, नंतर सांगितलं. विहंग फाटकापाशी आला, आई झोपली आहे म्हणाला. प्रेमानंद फळी घेऊन परत आला.

त्याच संध्याकाळी मला विहंगचा फोन. "मामा, अशा माणसाच्या हाती तुम्ही गाडी दिलीच कशाला?"

'अशा' म्हणजे कशा, हे मी विचारायला हवं होतं. त्या शब्दात काय काय आहे ते मला कळत होतं, विहंगलाही कळत होतं. मी म्हणालो, "चुकलंच." म्हणजे माझ्या चुकीचा ठपका मी प्रेमानंदवर दुसऱ्यांदा ठेवला, आणि या वेळी तोंड उघडून.

चार जूनला ताई पुण्याला गेली. फुटाळा राहूनच गेला. गाडी विहंगनं कुणातरी हौशी माणसाला देऊन टाकली.

त्या पावसाळ्यात प्रेमानंदनं चारही मालकांना बोलावून किल्ल्या परत केल्या. "दुसऱ्याच्या गाडीले हात लावायची माही लायकी नाही राहिली," म्हणाला. भैयाजींनी त्याचे हात धरले, मास्तर रडकुंडीला आले. त्यानं ऐकलं नाही. वर्षभरात त्यांतल्या तीन गाड्या भंगारात गेल्या. मास्तरांची गाडी ट्रकवर चढवली तेव्हा मी तिथे होतो. रविवारी आता प्रेमानंदच्या स्वतःच्या दोनच गाड्या चालू व्हायच्या, दहा मिनिटांत काम आटोपायचं आणि आम्ही पंख्याखाली बसून महागाईवर बोलायचो. मी जायचं सोडलं नाही. गेलो नाही तर त्याला संशय येईल, अशी मला भीती वाटायची.

यंदा फेब्रुवारीत ताई न्हाणीघरात पडली आणि मांडीचं हाड मोडलं. मी पुण्याला गेलो. तिसऱ्या दिवशी ती आपणहून म्हणाली, "वसंता, तुझा तो मित्र त्या दिवशी भर उन्हात फाटकाशी उभा होता. काखेत फळी होती. मी झोपले नव्हते, खिडकीतून बघत होते. मीच विहंगला म्हटलं, जा म्हणावं. पाणीसुद्धा विचारलं नाही रे मी. माझा राग कधीच गेला, पण त्याचा चेहरा जात नाही."

मी सांगितलं. फोन कानाला लावून खोटं बोललो इथपासून 'चुकलंच' म्हणालो इथपर्यंत सगळं. तीन वर्षं जे पोटात ठेवलं ते सांगायला पाच मिनिटंही लागली नाहीत. ताईनं भिंतीकडे तोंड फिरवलं. मग म्हणाली, "आजच्या गाडीनं नागपूरला जा. त्याच्यासमोर उभा राहा आणि तिथून मला फोन लावून दे."

रविवारी सकाळी मी बेसाला पोचलो तेव्हा प्रेमानंद फियाटचं बॉनेट पुसत होता. ताईला बोलायचंय, एवढंच सांगून मी फोन लावून दिला. त्यानं फडक्याला हात पुसले, फोन दोन बोटांत धरला.

"ताई, नमस्कार. पाय कसा हाय आता?"

पलीकडून ताईचा आवाज येत होता, मधेच तुटत होता. तो ऐकत होता. "नाही नाही, ताई. तसं काही नाही. तुम्ही मोठ्या हा, असं नका बोलू. उभं करून राहिले का डॉक्टर? वॉकर पकडून चाला, घाई नका करू." तिला त्यानं माफीचं वाक्य पुरं करू दिलं नाही. फोन मला परत दिला.

मी म्हणालो, "प्रेमानंद, मी तवा ताईले फोन लावलाच नव्हता."

"माहीत हाय."

"कवा समजलं?"

"तवाच. बहिणीले फोन लावला अन् नुसते ओठ हालले, आवाजच नाही. असं कोणी बोलते का?"

मी तिथेच पायरीवर बसलो. "मंग फळी काढली काहून गा?"

त्यानं फडकं पिळलं. "तुले खोटं पाडा लागलं असतं. इतक्या वर्षांचा दोस्त. म्हटलं, जाऊ दे, एक फळीच तर हाय. मी तुह्या तोंडाकडे पाह्यलं, वसंतभाऊ. गाडी तुही नव्हती. ज्याची होती, त्याच्याकडे पाहाले पाहिजे होतं."

पुण्याला गाडीत बसल्यापासून मी माफीची वाक्यं जुळवत आलो होतो. त्यातलं एकही आठवेना. "मले माफ कर," एवढंच म्हणालो.

"हो," तो म्हणाला आणि फियाटवर कव्हर ओढायला लागला. दुसरं टोक धरायला मी उठलो, तोवर त्यानं एकट्यानंच ते बसवलं होतं.

इंदूबाई दारात आल्या. "वसंतभाऊ, चहा टाकू ना?"

"राहू दे वं," प्रेमानंद मागे न बघता म्हणाला. "त्याले घाई हाय."

मला कसलीच घाई नव्हती.